पाळणा जत्रेमागे जातो

शिर्डीचा आकाशपाळणा, संगमनेरचे मालक आणि खोपोलीचा नायट्रो: पुढच्या रोलर कोस्टरचा एक नगरी अंदाज

रामनवमी चार दिवसांवर आली की शिर्डीच्या मोकळ्या मैदानात ट्रक येऊन लागतात. ट्रकांतून लोखंड उतरतं. लांबच लांब कैच्या, वाकवलेल्या पट्ट्या, रंग उडालेले डबे आणि सगळ्यात शेवटी लाकडाचे जाड ओंडके. यंदा मी आणि भाचा कुंपणापाशी उभे राहून आकाशपाळणा बांधताना बघत होतो. आधी काळी माती फावड्याने सारखी केली, तिच्यावर ओंडके आडवेउभे रचले आणि ओंडक्यांवर पाळण्याचे पाय ठेवले. मग दोघांनी पारदर्शक नळीत पाणी भरून तिची टोकं दोन पायांना लावली. एका पायावरच्या खुणेपेक्षा पाणी बोटभर वर दिसलं. म्हणजे तो पाय खाली बसलेला. त्याच्याखाली पाचर ठोकली. पुन्हा नळी, पुन्हा पाचर. पाणी खुणेशी आलं तेव्हा एक पोरगा अनवाणी वर चढला, कमरेला पान्हा आणि तोंडात बोल्ट धरून.

भाचा नववीत आहे. त्याच्या वयाची पोरं क्रिकेटचे आकडे पाठ करतात, हा रोलर कोस्टरचे करतो. कुठला किती उंच, कुठला किती वेळा उलटा होतो, कुणी बांधला. त्यासाठी त्याची एक वेगळी वही आहे. त्या वहीत पाळण्याचं चित्र काढता काढता त्याने विचारलं, "मामा, आपल्या जिल्ह्यात खरा कोस्टर कधी येईल रे?"

"आला तर शिर्डीतच येईल," मी सहज बोलून गेलो.

"कशावरून?"

तिथे मी अडकलो. पुढचे काही दिवस त्या 'कशावरून'चं उत्तर शोधण्यात गेले. पुढे लिहिलंय ते त्याचंच फलित. तो अंदाज आहे, बातमी नव्हे.

गायछापपासून नायट्रोपर्यंत

महाराष्ट्रातल्या कोस्टरचा विचार नगर जिल्ह्यात बसून करण्याला एक कारण आहे. ते संगमनेरात आहे.

संगमनेरचं मालपाणी हे नाव आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तंबाखूच्या पुडीवर वाचलं गेलं. गायछाप माहीत नाही असा माणूस गावोगाव शोधावा लागेल. पुढे याच घराण्याने पवनचक्क्या उभारल्या, शाळा काढल्या आणि शिर्डीत 'वेट अँड जॉय' हे वॉटर पार्क उभं केलं. त्याच्या शेजारी 'साईतीर्थ' आलं. तिथे 'तीर्थयात्रा' नावाच्या राइडमध्ये बसून देशभरच्या देवळांचं दर्शन होतं, 'द्वारकामाई'त यंत्राचे साईबाबा बोलतात आणि 'लंकादहन' बघताना खुर्ची हलते. करमणुकीला भक्तीचा हात धरायला लावणारी ही जागा आहे.

दुसरीकडे, सह्याद्रीच्या पलीकडे, खोपोलीजवळ एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांचं इमॅजिका उघडलं. पुढच्या वर्षी तिथे वॉटर पार्क आलं, २०१६ मध्ये बर्फाचं पार्क. परदेशात जाऊन बघावं लागत होतं ते मुंबई-पुण्याच्या मध्यावर आलं. पण कर्जाचा डोंगर असा उभा राहिला की त्याच्यावरून उतरायला रूळच सापडेनात. शेवटी बँकांशी तडजोड होऊन २०२२ मध्ये त्या कंपनीचा बहुसंख्य हिस्सा मालपाणी समूहाकडे आला. २०२४ मध्ये समूहाची लोणावळा आणि शिर्डीची पार्कं आणि साईतीर्थ हेही त्याच कंपनीच्या छत्राखाली आणायचं ठरलं.

म्हणजे राज्यातला सगळ्यात मोठा कोस्टर, इमॅजिकातला नायट्रो, ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं मूळ घर प्रवरेच्या काठी आहे. पुढचा कोस्टर कुठे उभा करायचा, हा प्रश्न ज्या घरात चर्चिला जाणार त्या घराला शिर्डीची गर्दी कुणी आकडे मांडून समजावून सांगायची गरज नाही. ती त्यांच्या अंगणातली आहे.

इथे जत्रेचं जुनं गणित आठवतं. आकाशपाळणेवाला कधी जत्रा भरवत नाही. मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, मोहट्याला देवीची भरते, निघोजला मळगंगेची भरते. पाळणेवाला फक्त तारखा लिहून ठेवतो आणि ट्रक वळवतो. पाळणा जत्रेमागे जातो. इमॅजिकाने उलटं केलं. आधी पाळणा उभा केला आणि मग जत्रेची वाट पाहिली. जत्रा आलीही, पण व्याज तिच्या आधी दारात येऊन उभं होतं.

केन कॅरिअर आणि चंदनापुरी घाट

अंदाज बांधायचा तर यंत्र कळायला हवं. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. लहानपणी डबा द्यायला गेलो की मी केन कॅरिअरसमोर खिळून उभा राहायचो. लोखंडी पट्ट्यांची ती अजस्र साखळी ऊस उचलून वर वर नेत राही. नायट्रोच्या पहिल्या चढावर बसलो तेव्हा पोटात गोळा यायच्या आधी मला तीच साखळी आठवली. फरक एवढाच की या खेपेला ऊस मी होतो.

कोस्टरच्या चढावर टक-टक-टक आवाज येतो तो साखळीचा नसतो. डब्याखालची लोखंडी जीभ रुळामधल्या दातांवरून घसरत जाते, तिचा तो आवाज. साखळी तुटली तर जीभ दातात अडकते आणि डबा मागे येत नाही. ट्रॅक्टरचा हँडब्रेक ओढताना होणारी कडकड याच जातीची. म्हणजे ज्या आवाजाने जीव मुठीत येतो तोच आवाज जीव राखत असतो.

माथ्यावर पोचलं की इंजिनाचं काम संपलं. तिथून पुढे सगळा प्रवास घाटात गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्या ड्रायव्हरसारखा. नायट्रोची उंची सुमारे ४० मीटर. एवढ्या उंचीवरून घर्षण न धरता काहीही खाली आलं तर त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या जरा पुढे जातो. अकरावीच्या पुस्तकातलं सूत्र आहे, भाच्याने ते मला वहीत सोडवून दाखवलं. नायट्रोचा सांगितला जाणारा वेगही १०५च्या आसपास आहे. म्हणजे उंची कळली की वेग कळतो, वेग कळला की वळणं किती मोठी लागतील ते कळतं आणि वळणांवरून जमीन किती लागेल ते कळतं. कोस्टरचा सगळा हिशेब पहिल्या उतारात असतो.

नायट्रो बांधला स्वित्झर्लंडमधल्या मॉन्थे गावच्या बॉलिगर आणि माबियार या जोडीच्या कंपनीने. १९८८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी कोस्टरच्या दुनियेत सराफी पेढीसारखी ओळखली जाते: महाग, पण वजनात मार नाही. या कोस्टरला पायाखाली तळ नसतो. फलाटावर असताना पायाखाली पत्रा असतो. निघायच्या क्षणी तो बाजूला सरकतो आणि पाय अधांतरी लोंबकळतात. त्यानंतर पाच वेळा उलटं व्हायचं.

उलटं होण्याचं वेटोळं कधी नीट न्याहाळलंय? ते गोल नसतं. उलट्या टांगलेल्या पाण्याच्या थेंबासारखं असतं, खालचं वळण मोकळं आणि वरचं घट्ट. १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर एकाने चक्क गोल वेटोळं बांधलं आणि बसणाऱ्यांच्या माना आखडल्या. सरळ रुळावरून एकदम गोलात शिरताना अंगावर झटका येतो. १९७६ मध्ये आन्टोन श्वार्त्सकोफ आणि व्हर्नर श्टेंगल या जर्मन जोडीने कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचं वेटोळं उभं केलं आणि तिथून आजची वेटोळी सुरू झाली. ही युक्ती आपण रोज अनुभवतो. चंदनापुरी घाटात एसटीचा चांगला ड्रायव्हर स्टिअरिंग एकदम मारत नाही, हळूहळू वळवत नेतो आणि तसंच हळूहळू सोडतो. नवख्याच्या गाडीत उलट्या होतात, त्याच्या गाडीत लोक झोपतात. रस्त्याचं गणित आणि वेटोळ्याचं गणित एकच.

काळी माती, कोरडं आभाळ

आता जमीन. शिर्डी-राहाता-कोपरगाव हा पट्टा गोदावरीच्या कालव्यांचा. ऊस आणि राहात्याचे पेरू ज्या मातीत पिकतात ती खोल काळी माती. शेतकऱ्याला ती आई वाटते, बांधकामवाल्याला सावत्र आई. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आकाशपाळण्याला चालतं, कारण त्याला आठवडाभरच राहायचं असतं आणि पाचर ठोकायला माणूस हजर असतो. कोस्टरचे खांब तीस-तीस वर्षं उभे राहायचे असतात आणि रुळाची रेघ थोडीही हलून चालत नाही. म्हणजे माती ओलांडून मुरमापर्यंत, जमलं तर खालच्या काळ्या पाषाणापर्यंत पाया न्यावा लागणार. हे अशक्य मुळीच नाही. पारनेरच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्यांचे मनोरे उभे करणाऱ्या क्रेन आपल्या लोकांनी पाहिल्यात आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात पोलादाला हात लावायला घाबरणारा कारागीर सापडणं अवघड. १९५० मध्ये प्रवरेच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून इथली पोरं साखळ्या, गिअर आणि बेअरिंगच्या आवाजात वाढली आहेत. कोस्टर परदेशातून कंटेनरने येईल. त्याला रोज पहाटे हातोडीने वाजवून तपासणारा फिटर मात्र इथलाच असेल.

आभाळाचं दान तर नगरच्या पदरात आहे, आणि ते आपण नेहमी शाप म्हणून मोजत आलो. खोपोलीला सह्याद्रीच्या तोंडावर पावसाळ्यात तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शिर्डीकडे वर्षभरात पाचशेच्या आसपास. मुसळधार पावसात, विजा चमकताना उंच कोस्टर बंद ठेवावा लागतो. पावसाचे थेंब शंभरच्या वेगाने तोंडावर आले तर खड्यांसारखे लागतात. म्हणजे पर्जन्यछायेतला कोस्टर वर्षातले जास्त दिवस धावेल. ज्या ढगांनी आपल्याला कायम चकवलं, त्यांच्या चकवण्यातून कुणाला तरी पहिल्यांदाच फायदा होईल.

वॉटर पार्कच्या बाबतीत हिशेब उलटा बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान शिर्डीला आले तेव्हा एकाच दौऱ्यात दोन उद्घाटनं झाली: साई संस्थानच्या नव्या दर्शनरांग संकुलाचं आणि निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं. ज्या संगमनेर-राहात्याच्या जिरायती गावांनी या कालव्याची अर्धं शतक वाट पाहिली, त्या तालुक्यांत पाण्यात खेळायची मौज कुणाच्याही डोळ्यात खुपणारच. पार्कवाले पाणी गाळून फिरवून वापरतात हे खरं. तरी दुष्काळाच्या वर्षी घसरगुंडीवरून वाहणारं पाणी टँकरच्या रांगेतून वेगळं दिसतं. कोस्टरला पाणी लागत नाही. त्याला वीज लागते, तीही मुख्यतः चढापुरती. धोरण म्हणूनही नगरच्या जमिनीवर पुढची गुंतवणूक पाण्याऐवजी पोलादात व्हावी, असं मला वाटतं.

एक अडचण मात्र वरून येते. काकडीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला आणि तो शिर्डीपासून पंधराएक किलोमीटरवर आहे. विमानतळाच्या परिसरात काहीही उंच बांधायचं तर विमानतळ प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळतही असेल, पण भाच्याच्या वहीतले शंभर मीटरचे मनोरे तिथे सोपे नाहीत.

रांगेचं शास्त्र

कोस्टर कुठे येणार याचा सगळ्यात मोठा पुरावा जमिनीत नसतो, आभाळात नसतो. तो रांगेत असतो.

समजा एका गाडीत २८ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. तासाला ८४० माणसं. दिवसाचे आठ तास धरले तर पावणेसात हजारांच्या आत. हा झाला यंत्राचा जास्तीत जास्त वकूब. गाडी रोज भरून सुटली तर पैसे सुटतात. अर्धी सुटली तर तिचा प्रत्येक फेरा तोट्याचा. रुळांवर एका वेळी दोन गाड्या सोडल्या तरी त्यांच्यात रेल्वेसारखे टप्पे पाडलेले असतात. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी ब्रेकमध्येच थांबते. म्हणून घाई करून वेग वाढत नाही. भरायला माणसं मात्र रोज हवीत.

शिर्डीच्या नव्या दर्शनरांग संकुलात दहा हजारांवर भाविक एका वेळी बसून थांबू शकतात. हे देवाच्या दारचं. त्यातल्या कितीतरी जणांची गाडी रात्रीची असते आणि दर्शन सकाळीच झालेलं असतं. हातात दिवस उरतो. शनी शिंगणापूर झालं तरी दुपार उरते. साईतीर्थ आणि वॉटर पार्क या उरलेल्या दुपारवरच उभी आहेत.

ही दुपार आता वाढत चालली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत येते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ मध्ये रस्ता थेट मुंबईच्या दारापर्यंत पोचला. पूर्वी विदर्भातलं कुटुंब रेल्वेने यायचं आणि मुक्कामाची पिशवी घेऊन निघायचं. आता पहाटे गाडी काढून दुपारी शिर्डीत उतरतं. मराठवाडा तर उंबऱ्यावरच आहे. त्यात २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ. गोदावरीत डुबकी मारलेली गर्दी शिर्डीला वळल्याशिवाय राहत नाही. जत्रा आहे. पाळण्याच्या ट्रकांनी तारखा लिहून घ्यायच्या बाकी आहेत.

मग कोस्टर कसला?

इथे मामा-भाच्याचं भांडण झालं. भाच्याला हवा होता दक्षिणेकडच्यासारखा. चेन्नईच्या वंडरलात त्याच स्विस कंपनीचा 'तंजोरा' आहे, त्यात डबे रुळाखाली टांगलेले असतात. "तसा पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर काय मजा?"

मी त्याला म्हटलं, शिर्डीला कोण येतं ते आठव. कॉलेजची चार पोरं एका बुलेटवर येत नाहीत. येते क्रूझर: पुढे ड्रायव्हरशेजारी आजोबा, मधे आजी आणि सुना, मागे पोरं, टपावर बॅगा. अशा कुटुंबाने तिकिटं काढली आणि पाटीवर लिहिलं असलं की रक्तदाबवाल्यांनी बसू नये, गरोदर बायकांनी बसू नये, एवढ्या उंचीखालच्या पोरांनी बसू नये, तर आठातले दोन बसतील आणि सहा जण चपला सांभाळत खाली उभे राहतील. गोराईच्या एस्सेलवर्ल्डने १९८९ पासून आपल्या शाळांच्या सहली पोसल्या आणि २०२२ मध्ये त्याची दारं लागली. आमच्या पिढीला तिथला पहिला कोस्टर आठवतो तो उंचीमुळे नाही, वर्गातली सगळी पोरं एका गाडीत होती म्हणून.

माझा अंदाज असा. खोपोलीत पुढे येईल तो झपाट्याने सुटणारा कोस्टर असेल. त्याला मोठा चढ नसेल. चुंबकाच्या जोरावर गाडी सपाटीवरूनच पळत सुटेल. नायट्रोसारखं दुसरं वेटोळं तिथे उभं करून उपयोग नाही, कारण उलटं व्हायचं होतं ते लोक एकदा होऊन गेले. शिर्डीत आला तर तो बुटका असेल. पहिला उतार १८ मीटरच्या आसपास, म्हणजे वेग ताशी ६५-७० किलोमीटर. एकदाही उलटं होणार नाही. खांद्यावरून येणाऱ्या जाड कवचाऐवजी मांडीवर एक दांडी. झाडांमधून, कमानींखालून, जमिनीलगत वळणं घेत जाणारा. जमिनीलगत वेग दुप्पट वाटतो हे मोटरसायकलवर पाय खाली सोडून बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. शिवाय तो विमानतळाच्या डोळ्यात खुपणार नाही आणि काळ्या मातीवरही तुलनेने हलका बसेल.

आणि त्याला नाव? साईतीर्थाच्या शेजारी 'डेअर' आणि 'डेथ' असली नावं चालणार नाहीत. मला वाटतं, तो कुठल्या तरी कथेच्या शेपटीला बांधलेला येईल. हनुमानाचं उड्डाण हा विषय तर जणू रुळांसाठीच जन्माला आलाय.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि वहीत फक्त '१८?' एवढंच लिहिलं. प्रश्नचिन्ह आकड्यापेक्षा मोठं होतं.

जत्रेनंतर

रामनवमीच्या रात्री आईला घेऊन आम्ही पुन्हा मैदानात गेलो होतो. आई सत्तरीपुढची. दर्शन झालं, प्रसादालयात जेवण झालं. आकाशपाळण्यासमोर ती थांबली आणि तिकिटाचे पैसे कनवटीतून काढूनच तिने आम्हाला विचारलं, "येताय का?" नकार द्यायला जागा नव्हती. वर गेल्यावर मी आणि भाच्याने दांडी घट्ट धरली. आई आपली शांतपणे खाली बघत होती. "तो बघ कळस," ती म्हणाली. "रांगेत उभं राहून मानच वर होत नाही. आत्ता दिसला."

चार दिवसांनी भाच्याच्या हट्टापायी मी परत तिथे गेलो. मैदान रिकामं होतं. ट्रक पुढच्या जत्रेला गेले होते. पाळण्याच्या जागी काळ्या मातीत ओंडक्यांचे ठसे होते, आणि एका कोपऱ्यात विसरलेली पाचर. भाच्याने एका ठशात हात घालून खोली मोजली. पंजाभर होती.

"आठवड्यात एवढा बसला," तो म्हणाला. मग वही काढून त्याने '१८' पुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि खाली लिहिलं: 'पाया: मुरमापर्यंत. आजी: चालेल.'